मोकळ्या जागांची वही : प्रभागातील प्रकल्प नोंदी, जून २०२१ ते एप्रिल २०२२

१४ जून २०२१

आजपासून ही वही वेगळी. ड्रेनेज, पाणी, पथदिवे यांच्या तक्रारवहीत मैदान, बाग, अभ्यासिका यांच्या नोंदी कायम खाली ढकलल्या जातात. ते साहजिकच आहे. घरात मैलापाणी शिरलं की बागेचा विचार कोण करणार? पण आम्हा नगरसेवकांची मुदत मार्चमध्ये संपते आहे. तोवर प्रभागातल्या प्रत्येक सार्वजनिक जागेचा कागद नीट लावून घ्यायचा, हे काम मी ठरवून हाती घेतलं आहे. जागा आधी कागदावरून जाते आणि मग जमिनीवरून. जमिनीवर जेसीबी उभा राहतो तोवर ठराव झालेला असतो, जाहीर सूचना येऊन गेलेली असते आणि हरकतीची मुदतही उलटलेली असते.

मालमत्ता विभाग, उद्यान विभाग आणि नगररचना, तिघांकडूनही याद्या मागवल्या.

१८ जून

याद्या आल्या, पण एकमेकींशी जुळत नाहीत. उद्यान विभागाच्या यादीत असलेली बाग मालमत्ता विभागाच्या यादीत नाही. जुन्या ले-आउटमध्ये (जमिनीचे भूखंड पाडण्याच्या मंजूर आखणीत) मंजुरीच्या वेळी सोडलेल्या खुल्या जागा नगररचनेच्या नकाशावर हिरव्या दिसतात, सात-बारावर मात्र अजून मूळ जमीनमालकाचंच नाव आहे. ले-आउट मंजूर झाला, घरं उभी राहिली, राहणाऱ्यांची दुसरी पिढी आली, तरी नाव बदललेलं नाही. अशा जागेचं कोणी खरेदीखत करून आणलं, तर भांडायला आपल्या हातात काय असणार?

प्रत्येक जागेसाठी एक पान करते आहे : सर्व्हे नंबर, क्षेत्र, मंजूर ले-आउटची तारीख, आजचा वापर, उताऱ्यावरचं नाव. मोजणी झाली आहे का, हद्दखुणा सापडतात का, हेही.

केंद्राच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. आमच्या जुन्या वस्तीत त्याच्या जवळपासही जाता येत नाही. गेल्या वर्षी टाळेबंदीत बागांना कुलूप होतं तेव्हा चाळीतली म्हातारी माणसं जिन्याच्या पायरीवर बसून संध्याकाळ काढत होती. ते चित्र मी विसरू शकत नाही.

२४ जून

वटपौर्णिमा. मंडईच्या रस्त्यावरच्या वडापाशी सकाळी बायकांची गर्दी होती. पूजेला गेलेल्या मावशींनीच फोन केला, "ताई, झाडावर कसलातरी कागद डकवलाय, बघून घ्या."

वृक्ष अधिकाऱ्यांची नोटीस होती. रस्तारुंदीकरणात वड आणि त्याच्या पुढचे दोन कडुनिंब काढायचे आहेत, हरकती ७ दिवसांत द्यायच्या. कागद पावसाने भिजून अर्धा सुटला होता आणि वर पूजेचा दोरा गुंडाळला गेला होता. फोटो काढला, तारखेसह.

झाड जवळून नीट पाहिलं. खोडात क्लासच्या जाहिरातींचे जुने खिळे गंजून आत गेलेत. दिव्यांच्या माळेची तार सालीत रुतून बसली आहे आणि साल तिच्यावरून वाढली आहे. बुंध्याला चारही बाजूंनी पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट अगदी चिकटून आहे, कुठेही वीतभर माती मोकळी नाही. पूर्वेकडे मुळांनी फरशी उचलली आहे. तेवढीच काय ती जागा, जिथून झाडाला पाणी मिळत असेल.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. तो संदर्भ हरकतीत घालणार आहे.

२८ जून

हरकती दाखल केल्या. माझी एक, भाजीवाल्यांची सह्यांची एक, आणि शाळेच्या निवृत्त शिक्षकांची. शिक्षकांची हरकत सगळ्यांत चांगली : त्यांनी घेर मोजून दिला आहे, छातीच्या उंचीवर, टेपचा फोटो जोडून.

या महिन्यात मंत्रिमंडळाने १९७५च्या वृक्ष कायद्यात बदलाला मंजुरी दिली आहे. ५० वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष धरायचं, आणि ते काढायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. तरतूद चांगली आहे. पण शंभर रोपं गावाबाहेर लावून मंडईत टोपलीशेजारी बसलेल्या बाईला सावली मिळत नाही. म्हणून माझा भर भरपाईवर नाही, रुंदीकरणाची रेषा हलवण्यावर आहे.

५ जुलै

मैदान. हे पान सगळ्यांत मोठं होणार.

विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. त्यातली अर्धी जमीन महापालिकेच्या ताब्यात आहे आणि अर्धी एका कुटुंबाच्या नावावर. पोरं पूर्ण मैदानावर खेळतात, सकाळी भरतीची तयारी करणारी मुलं त्यावरच धावतात. सगळ्यांचा समज असा की हे सगळं महापालिकेचंच. भूसंपादन विभागाच्या कपाटात मात्र कलम १२७ची नोटीस पडून होती, आवक शिक्का ९ मार्च २०२०. पाठोपाठ टाळेबंदी लागली आणि कोणी फाइल उघडली नाही.

पुढे ही वही कोणाच्याही हातात पडली तर कळावं म्हणून लिहून ठेवते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. ही मुदत आधी ६ महिने होती, २००९ मध्ये १२ झाली, २०१५ मध्ये २४. म्हणजे आमच्याकडे ९ मार्च २०२२ पर्यंत वेळ आहे.

आणि "पावलं उचलली" म्हणजे नुसती पत्रापत्री नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे की प्रस्ताव पाठवणं, मोजणी मागणं एवढ्याने भागत नाही. कलम १२६ खालची संपादनाची घोषणा व्हायला हवी. आपल्याकडे मात्र "प्रस्ताव पाठवला आहे" हे उत्तर ऐकून सभागृहातले सगळे निश्चिंत होतात.

९ जुलै

जमीनमालकांच्या घरी गेले. थोरले भाऊ सत्तरीच्या पुढचे. चहा घेतला. ते म्हणाले, "ताई, आमच्या आजोबांच्या वेळची जमीन. विकता येत नाही, बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही. पोरांना खेळू दिलं, कधी हाकललं नाही. पण आमच्या पोरांनी काय करायचं?"

यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. ही वही लोकांच्या हक्काची आहे आणि त्या लोकांत हे कुटुंबही येतं. आरक्षण टाकायचं आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही, असं वागून मैदानं टिकत नाहीत.

मोबदल्याचे दोन रस्ते त्यांना समजावून सांगितले. रोख हवी तर २०१३च्या भूसंपादन कायद्याने दर ठरेल. पण महापालिकेची तिजोरी पाहता वेळ लागेल. दुसरा रस्ता टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा : जमीन मोकळी करून, कुंपण घालून महापालिकेला द्यायची आणि बदल्यात विकास हक्क प्रमाणपत्र घ्यायचं. गावठाणाबाहेरच्या विरळ भागात जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट क्षेत्राच्या बांधकामाचा हक्क मिळतो. ते विकून पैसा उभा करता येतो. धाकटे भाऊ हिशेबाला पक्के आहेत, त्यांनी बाजारात दर काय चाललाय ते लगेच विचारलं.

अडचण अशी की उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. वारसनोंद झालेली नाही. एक बहीण सोलापूरला, एक चुलत घर नाशिकला.

१६ जुलै

वारसनोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे, तातडीची फी भरून. फी कुटुंबाने भरायची की महापालिकेने, यावर विभागात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी महापालिकेने भरली.

३ ऑगस्ट

वृक्ष प्राधिकरणाची सुनावणी. रस्ते विभागाचे कनिष्ठ अभियंता सरळ माणूस आहेत. त्यांनी स्वतःच सांगितलं की पावसाळी गटाराची रेषा दीड मीटर आत घेतली तर वड वाचतो. फक्त दोन टपऱ्या हलवाव्या लागतील. टपरीवाल्यांशी मी बोलले, पलीकडच्या कोपऱ्यावर जागा दिली तर ते तयार आहेत. कडुनिंबांपैकी एक आतून पोखरलेला आहे, तो काढण्याला मी हरकत घेतली नाही. प्रत्येक झाडासाठी अडून बसलं तर ज्या झाडासाठी अडायलाच हवं तिथे कोणी ऐकत नाही.

वड आणि एक कडुनिंब राहिले. तसा शेरा इतिवृत्तात आलेला पाहूनच उठले.

२३ ऑगस्ट

सर्वसाधारण सभेची कार्यपत्रिका आली. प्रशासनाचा विषय आहे : शहरातले सुविधा भूखंड खासगी संस्थांना ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. कारण दिलं आहे की करोनाकाळात उत्पन्न घटलं. यादीत आमच्या प्रभागातलाही भूखंड आहे, दवाखाना आणि लहान मुलांच्या बागेसाठी ठेवलेला. पुण्यातही सध्या अशाच प्रस्तावावरून वाद पेटला आहे, त्यामुळे वर्तमानपत्रांचं लक्ष आहे, ही जमेची बाजू.

सुविधा भूखंड म्हणजे काय ते अनेक नगरसेवकांनाही माहीत नसतं. मोठा ले-आउट मंजूर करताना विकसकाकडून जो हिस्सा सार्वजनिक सोयींसाठी घेतला जातो तो हा. तिथल्या सदनिका घेणाऱ्यांनी एका अर्थी त्याची किंमत आधीच मोजलेली असते. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्यानं, क्रीडांगणं हे विषय नगरपालिकांकडे दिले आहेत. ते आपलं कामच आहे, फुरसत मिळाली तर करायची हौस नाही.

टिपणासाठी काढलेले दाखले : बेंगळुरूत उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बाजार बांधला होता, तो १९९९ मध्ये पाडायला लावला. दोन्ही निकालांचा सारांश मराठीत एका पानावर लिहून सर्व गटनेत्यांना दिला. निकाल कोणी वाचत नाही, एक पान वाचतात.

३० ऑगस्ट

सभा ऑनलाइन. गटनेत्यांचा आदल्या रात्री फोन आला होता, विषयाला विरोध नको म्हणून. मी त्यांना सांगितलं की संपूर्ण विषयाला विरोध करत नाही, पण दवाखाना, शाळा, बाग आणि मैदान यांसाठी निश्चित केलेले भूखंड यादीतून वगळावेत अशी उपसूचना देणार. दिली. अनुमोदनासाठी विरोधी बाकावरचे ज्येष्ठ सदस्य पुढे आले. पक्ष वेगळा, पण त्यांच्या प्रभागातली व्यायामशाळा अशाच भाडेपट्ट्यात गेली होती आणि आता तिचं शुल्क कामगारांच्या पोरांना परवडत नाही. ते फार थोडक्यात बोलले, पण त्यानंतर इतर सदस्य आपापल्या भूखंडाचं नाव घेऊ लागले.

विषय तहकूब. मला दप्तरी दाखल, म्हणजे कायमचा बंद, हवा होता. तहकूब झालेला विषय पुढच्या कोणत्याही सभेत परत येतो.

६ सप्टेंबर

अभ्यासिका. पहिल्या मजल्यावरचा हॉल लसीकरण केंद्राला दिला होता, ते योग्यच होतं. आता केंद्र शाळेत हललं आहे, पण हॉलमध्ये कर विभागाच्या जुन्या फाइलींचे गठ्ठे येऊन पडले आहेत. शनिवारी एमपीएससीची संयुक्त पूर्व परीक्षा झाली. त्या मुलांनी अभ्यास कुठे केला? कोणी देवळाच्या ओट्यावर, कोणी मित्राच्या गाळ्यात शटर अर्धं ओढून. एका मुलीने सांगितलं, घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, म्हणून ती पहाटे चार ते सात वाचते.

उपायुक्तांना पत्र दिलं.

८ ऑक्टोबर

शाळा ४ तारखेपासून उघडल्या. अभ्यासिकेतले गठ्ठे अजून तिथेच. आज क्षेत्रीय अधिकाऱ्यांना घेऊन प्रत्यक्ष गेले. फाइलींना वाळवी लागली आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्याच काळजीने गठ्ठे हलवायचा आदेश निघाला.

१८ ऑक्टोबर

अभ्यासिका सुरू. वेळ सकाळी ६ ते रात्री ११. दिवे, पंखे माझ्या विकास निधीतून. फलकावर माझं नाव घालू नका असं सांगितलं, त्याऐवजी मालमत्ता क्रमांक आणि "सार्वजनिक अभ्यासिका, महानगरपालिका मालमत्ता" एवढं मोठ्या अक्षरात. नावाचा फलक पुढचा माणूस उतरवतो. मालमत्ता क्रमांक उतरवायला कारण द्यावं लागतं.

२६ ऑक्टोबर

मैदानाची मोजणी. भूकरमापक आले, कुटुंबातले दोघे, शेजारचे, आणि मैदानावर खेळणारी पोरं. उत्तरेकडची हद्द गॅरेजच्या पत्र्याच्या शेडखालून जाते असं निघालं. गॅरेजवाल्यांनी वाद घातला नाही. नकाशा दाखवल्यावर म्हणाले, दिवाळीनंतर काढतो. हद्दीचे दगड रोवले, पोरांनी त्यांना लगेच चुना लावला.

२२ नोव्हेंबर

शेड निघाली. वारसनोंदीचा फेरफार मंजूर. सोलापूरच्या ताईंचं संमतिपत्र आलं, नाशिकचं यायचं आहे.

भूसंपादन विभागाला सांगितलं आहे की टीडीआरची बोलणी चालू असली तरी कलम १२६चा प्रस्ताव थांबवू नका. कुटुंबालाही हे स्पष्ट सांगितलं. थोरले भाऊ म्हणाले, "तुमचं काम तुम्ही करा, आमचा राग नाही."

१० डिसेंबर

सर्वसाधारण सभेत मैदानाच्या संपादनाचा ठराव एकमताने. टीडीआर देऊन ताबा घेणं, आणि ते न झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत संपादन, दोन्ही एकाच ठरावात घातलं आहे. मसुदा विधी विभागाकडून तपासून घेतला, कारण ठरावातल्या एका "किंवा"वरून पुढे वर्षभर फाइल फिरू शकते.

१४ डिसेंबर

वडाभोवतीचं काँक्रीट काढलं. गँगचे चार मजूर छिन्नी-हातोडीने, हळूहळू. ब्रेकर मशीन मुळांजवळ लावू दिलं नाही. सिमेंटच्या थराखाली जुनी दगडी फरशी निघाली, आणि तिच्याही खाली पांढरी बारीक मुळं, फरशीच्या सांध्यांत जाळ्यासारखी पसरलेली. मुकादम स्वतः बसून ती मुळं न तोडता फरशी सोडवत होते. खिळे पकडीने काढले, तार कापून काढली. जिथे साल वाढली होती तिथला तुकडा तसाच ठेवला. भाजीवालीने दोन घागरी पाणी आणून ओतलं. एक मीटरचं आळं तयार झालं, कडेला विटा.

११ जानेवारी २०२२

रुग्णसंख्या वाढते आहे, कार्यालयात अर्धीच माणसं. नाशिकचं संमतिपत्र आलं. नगररचनेतले आमचे साहेब आजारी, फाइल त्यांच्या टेबलावर. सहायकांना विनंती केली, फाइल पुढे सरकली.

२ फेब्रुवारी

काल प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा जाहीर झाला, हरकती १४ तारखेपर्यंत. सगळे नगरसेवक नव्या हद्दी बघण्यात गुंतले आहेत. आमचा प्रभाग दोन भागांत विभागला जातो, मैदान एका बाजूला आणि अभ्यासिका दुसऱ्या. म्हणजे यापुढे ही सगळी पानं एकाच नगरसेवकाकडे राहणार नाहीत. प्रत्येक जागेची फाइल वेगळी करून दोन प्रती काढायला दिल्या : एक जागेच्या आसपास राहणाऱ्यांकडे, एक वॉर्ड कार्यालयात, पोच घेऊन.

१८ फेब्रुवारी

ले-आउटमधल्या खुल्या जागांपैकी ज्यांचं हस्तांतरण कागदोपत्री पूर्ण होतं, त्यांच्या उताऱ्यावर महापालिकेचं नाव लागलं. तलाठी अण्णांनी संगणकावर उतारा काढून हातात दिला. हे काम कुठेही बातमीत येणार नाही, पण या वहीतलं सगळ्यांत टिकाऊ काम हेच आहे असं मला मनापासून वाटतं. उरलेल्या जागांमध्ये मूळ मालकांचा शोध लागत नाही किंवा ले-आउटची मंजूर प्रतच सापडत नाही. त्यांची यादी वेगळी.

४ मार्च

मैदानाचा करारनामा नोंदवला. दुय्यम निबंधक कार्यालयात कुटुंबातले सगळे आले होते, सोलापूरच्या ताईसुद्धा. दुपारी जागेवर पंचनामा, ताबापावती. मुदत संपायला पाच दिवस राहिले होते. थोरल्या भावांनी सही करण्याआधी मैदानाला वडिलांचं नाव द्याल का, असं विचारलं. नाव देणं हा सभेचा अधिकार आहे. अर्ज घेतला, शिफारस जोडली. प्रमाणपत्र लवकर मिळावं म्हणून नगररचनेत वेगळं पत्र दिलं आहे. जमीन घेऊन मोबदल्याला ताटकळत ठेवलं तर पुढचा एकही मालक आपल्याशी बोलायला बसणार नाही.

११ मार्च

मुदतीतली शेवटची सभा. सुविधा भूखंडांचा विषय पटलावर आला नाही, दप्तरी दाखल करण्याचा माझा प्रस्तावही वेळेअभावी राहिला. विषय तहकूबच आहे.

२१ मार्च

मुदत संपली, प्रशासक आले. आता सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार एकाच व्यक्तीकडे आहेत. कार्यपत्रिका सदस्यांकडे जाणार नाही, कारण सदस्यच नाहीत. त्यामुळे ठरावांची माहिती मागायला आता माहिती अधिकाराचाच रस्ता, ३० दिवसांचा.

सुविधा भूखंडाशेजारच्या सोसायट्यांची बैठक घेतली. उपसूचनेची प्रत, निकालांचं एक पान आणि मंजूर ले-आउटची प्रत त्यांच्याकडे दिली. दर महिन्याला कोण अर्ज करणार ते त्यांनीच ठरवलं.

१२ एप्रिल

कुटुंबाला विकास हक्क प्रमाणपत्र मिळालं. धाकट्या भावांचा फोन आला होता.

मैदानाच्या नावाचा अर्ज प्रशासकांकडे. सुविधा भूखंडाबाबत निवेदन दिलं : सभेत उपसूचना दाखल झालेल्या विषयावर निवडून आलेली सभा येईपर्यंत निर्णय घेऊ नये, आणि घ्यायचाच झाला तर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्यात. आवक क्रमांक घेऊन पोच तिन्ही सोसायट्यांना पाठवली. वडाच्या आळ्यात कोणीतरी परत राडारोडा टाकला आहे. मुकादमांना कळवलं, उद्या सकाळी उचलतो म्हणाले.